पिशवी काढली, मुख मात्र राहिले

शस्त्रक्रियेला वर्ष लोटलेले असते. अतिरक्तस्रावाचा त्रास संपला म्हणून घर निश्चिंत झालेले असते. अशातच एखाद्या सकाळी गृहिणीला वस्त्रावर पुसटसा डाग दिसतो. पुढच्या महिन्यात, जवळजवळ त्याच सुमारास, पुन्हा दिसतो. ‘पिशवीच नाही, तर हे कोठून?’ हा प्रश्न ती कोणालाच विचारत नाही. सासूबाई घाबरतील आणि दुकानात गुंतलेल्या पतीशी बोलण्याचा संकोच वाटतो. दोन-तीन दिवस ती मंदिराची पायरी चढत नाही, काहीतरी निमित्त सांगते आणि कर्करोगाची भीती एकटीच वाहते. गुलमंडीतील असो वा सिडकोतील, असा प्रसंग कोणत्याही घरात येऊ शकतो.

डाग का दिसतो?

बोलीभाषेत ‘पिशवी काढली’ या दोन शब्दांत दोन निराळ्या शस्त्रक्रिया सामावतात. पहिलीत गर्भाशय आणि त्याचे मुख दोन्ही काढले जाते. दुसरीत, जिला वैद्यकीय कागदांत ‘सबटोटल’ किंवा ‘सुप्रासर्व्हायकल’ म्हणतात, गर्भाशयाचा वरचा भाग काढून मुख जागेवर ठेवले जाते. पूर्वीच्या सिझेरियनमुळे मूत्राशय गर्भाशयाला घट्ट चिकटलेले असेल किंवा शस्त्रक्रियेत रक्तस्राव वाढला असेल, तर मूत्राशयाला इजा होऊ नये म्हणून शल्यचिकित्सक हा मार्ग स्वीकारतात.

मुखाच्या वरच्या टोकाशी कधी कधी गर्भाशयाच्या अस्तराचा थोडा अंश शिल्लक राहतो. बीजांडकोश शाबूत असतील, तर त्यांचे मासिक चक्र चालूच असते. त्या संप्रेरकांमुळे हा अंश दर महिन्याला वाढतो आणि झडतो, तोच डाग. निरनिराळ्या पाहण्यांत अशा शस्त्रक्रियेनंतर शंभरातील साधारण 5 ते 20 स्त्रियांना हा अनुभव आल्याचे आढळते. बहुतेकींच्या बाबतीत तो निरुपद्रवी असतो आणि रजोनिवृत्तीबरोबर थांबतो.

तथापि, ‘निरुपद्रवी आहे’ हा निर्णय घरी बसून करावयाचा नाही. एकदा तपासणी झालीच पाहिजे. स्राव अधिक असेल, अनियमित असेल, दुर्गंधीयुक्त असेल, पतिसहवासानंतर येत असेल किंवा रजोनिवृत्तीनंतर दिसला असेल, तर विलंब करू नये. त्रास फार असल्यास संप्रेरकांच्या गोळ्या, मुखाच्या आतील अस्तर जाळण्याची छोटी प्रक्रिया आणि क्वचित मुख काढण्याची शस्त्रक्रिया असे उपाय आहेत.

खरी जोखीम विस्मरणाची

मासिक डागापेक्षा गंभीर गोष्ट निराळीच आहे. मुख राहिले, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शक्यताही राहिली. ‘आपल्याला आता पिशवीच नाही’ या समजुतीने मात्र नियमित तपासणी कायमची सुटते.

या तपासणीचे मोल जगाला पटवून देणारा एक मोठा अभ्यास आपल्याच मराठवाड्यात झाला. तत्कालीन उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालय यांच्या सहभागाने 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा त्यात समावेश करण्यात आला. निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची चाचणी केवळ एकदा झालेल्या गटात या कर्करोगाने 34 मृत्यू झाले. जवळपास तेवढ्याच संख्येच्या, अशी तपासणी न झालेल्या गटात 64. एका चाचणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. मुख शिल्लक असलेल्या स्त्रीने ही चाचणी किंवा पॅप स्मीअर डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने करीत राहावे. छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालयाचा स्त्रीरोग विभाग आणि शासकीय कर्करोग रुग्णालय ही त्यासाठी सर्वांना खुली असलेली ठिकाणे आहेत.

कागद जपून ठेवा

शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या 82,309 स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा 13,861 जणींची गर्भाशये काढल्याचे आढळले. म्हणजे सुमारे सहापैकी एकीचे. 2019 मध्ये राज्य शासनाला त्यासाठी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. परिस्थिती निराळी असली, तरी नेमके काय काढले आणि काय ठेवले, हे जाणण्याचा अधिकार कष्टकरी स्त्रीला आणि व्यापाऱ्याच्या घरातील स्त्रीला सारखाच आहे.

व्यापारी घरांत जुनी बिले आणि वह्या वर्षानुवर्षे सांभाळल्या जातात. आईचे डिस्चार्ज कार्ड मात्र रद्दीत जाते. ते शोधावे. त्यावर शस्त्रक्रियेचे नाव असते, आणि काढलेल्या भागाच्या हिस्टोपॅथॉलॉजी अहवालात मुख होते की नाही याची नोंद असते. कागद सापडले नाहीत, तर स्त्रीरोगतज्ज्ञाला साध्या तपासणीतही ते समजते.

शस्त्रक्रिया अजून व्हायची असेल, तर आधीच तीन प्रश्न विचारावेत: औषधांनी भागण्यासारखे आहे का? मुख ठेवणार का, आणि ठेवणार असल्यास का? बीजांडकोश राहणार का? उत्तरे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत. प्रश्न विचारताना पतीने किंवा मुलाने शेजारी बसावे. म्हणजे पुढे कधी डाग दिसलाच, तर तो सांगण्यासाठी घरातील त्या माउलीला शब्द शोधावे लागणार नाहीत.