वर्गणीतून उभा राहिलेला राजवाडा



राजवाडा पाहावयास गेलेला मनुष्य सहसा तीन गोष्टी विचारतो : हा कोणी बांधला, केव्हा बांधला आणि पैसा कोठून आला? पोलंडची राजधानी वॉर्सा येथील राजवाड्यात या प्रश्नांची दोन-दोन उत्तरे मिळतात. एक राजाचे, एक लोकांचे. दोन्ही उत्तरे ऐकल्याशिवाय तो वाडा नीट कळत नाही, असे आम्हांस वाटते.

राजाचे उत्तर थोडक्यात सांगतो. तिसरा झिगमुंट याने क्राकूहून दरबार वॉर्सास हलविला आणि १५९८ ते १६१९ या काळात तेथील जुना किल्ला वाढवून त्याचा राजवाडा केला. पुढे शेवटचा राजा स्टानिस्लाव्ह ऑगस्ट याने आतील दालने सजविली. याच वाड्यात ३ मे १७९१ रोजी पोलंडची प्रसिद्ध राज्यघटना संमत झाली. तिने शेतकऱ्याला कायद्याचे संरक्षण दिले. त्याची वेठ मात्र तशीच ठेवली. सभागृह पाहताना ही गोष्ट ध्यानात असू द्यावी. पुढे १७९५ पर्यंत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो देशच आपसांत वाटून घेतला.

आता लोकांचे उत्तर. १७ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन तोफांच्या माऱ्याने वाड्याला आग लागली. मनोऱ्यावरचे घड्याळ सव्वाअकरा वाजता बंद पडले. वाड्याचे अभिरक्षक काझिमिएश ब्रोक्ल त्या दिवशी कामावर असतानाच ठार झाले. नंतर स्टानिस्लाव्ह लोरेन्ट्झ यांच्यासारख्या संग्रहालयातील माणसांनी जिवावर उदार होऊन चौकटी, शेकोट्या, नक्षीचे तुकडे उचलून लपवून ठेवले. जर्मनांनी भिंतींत सुरुंगासाठी हजारो भोके पाडली, आणि १९४४ साली वाडा उडवून दिला. भिंतींचे एकदोन तुकडे तेवढे उभे राहिले.

१९४९ साली संसदेने पुनर्बांधणीचा ठराव केला, पण काम सुरू होण्यास १९७१ चा जानेवारी उजाडला. त्याच्या आदल्याच महिन्यात काय घडले होते? अन्नधान्याचे भाव वाढले म्हणून ग्दान्स्क, ग्दिनिया आणि श्चेचिन येथील गोदी-कामगार रस्त्यावर आले, आणि सरकारने गोळीबार करून चाळीसहून अधिक माणसे मारली. त्यानंतर गादीवर आलेल्या नव्या पुढाऱ्यांना लोकांचे मन वळवायचे होते. वाड्याची परवानगी आली ती अशा वेळी.

पण परवानगीने भिंत उभी राहत नाही. ती उभी राहिली वर्गणीतून. देशातल्या आणि परदेशी गेलेल्या पोलिश लोकांनी पैसा दिला. वॉर्साच्या नागरिकांनी आपण होऊन ढिगारे उपसले. आमचे उभे आयुष्य पावतीपुस्तक घेऊन फिरण्यात गेले आहे, म्हणून सांगतो : हातावर पोट असलेला मनुष्य वर्गणी देतो तेव्हा तो त्या वस्तूवर आपला हक्क लिहून ठेवीत असतो. जुलै १९७४ मध्ये घड्याळ पुन्हा चालू झाले, तेही सव्वाअकरालाच.

दालने लोकांसाठी उघडली ३१ ऑगस्ट १९८४ रोजी. बरोबर चार वर्षांपूर्वी, ३१ ऑगस्ट १९८० ला, ग्दान्स्कच्या कामगारांनी स्वतंत्र संघटनेचा हक्क करारावर लिहून घेतला होता. १९८२ मध्ये कायदा करून ती संघटना, 'सॉलिडॅरिटी', बरखास्त करण्यात आली. म्हणजे ज्यांच्या वर्गणीने राजवाड्याची दारे उघडली, त्यांच्या संघटनेचे दार त्या दिवशी बंद होते. ते पुन्हा उघडले १९८९ साली.

काही विद्वान या वाड्याला नकली म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. जुने काय आणि नवे काय हे तेथे शोधता येते : लपवून वाचविलेले नक्षीचे तुकडे नव्या भिंतींत बसविले आहेत. बेलोत्तो या चित्रकाराने अठराव्या शतकात रंगविलेली वॉर्साची दृश्ये एका दालनात आहेत. युद्धानंतर जुने शहर उभारताना ती गवंड्यांच्या आणि वास्तुकारांच्या उपयोगी पडली. चित्रावरून घरे बांधली गेली. बाहेर चौकात झिगमुंटचा स्तंभ आहे. तो १६४४ चा. १९४४ साली पाडला, १९४९ साली पुन्हा उभारला. त्याचे जुने फुटके दगड वाड्याच्या कडेला ठेवले आहेत. तेही पाहावेत.

सिंहासनाच्या दालनात गर्दी असते, ती असू द्यावी. आपण थोडा वेळ भिंतीजवळ थांबावे, जुन्या तुकड्याला नवा तुकडा जेथे जोडला आहे तो सांधा शोधावा, आणि तो सांधणाऱ्या कारागिराची मजुरी कोणी दिली हे आठवावे. आपल्या गावच्या वाड्यांकडे, किल्ल्यांकडे पाहतानाही हाच प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर एवढ्या लांबच्या वाड्याची माहिती सांगितल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.