बोटे भाजतात, पण दुखत नाहीत

बऱ्हाणपुराहून धारणीकडे जाताना सातपुड्याच्या रांगांत देडतलाई नावाचे गाव लागते. ते मध्यप्रदेशाच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात मोडते. पलीकडे आपला मेळघाट. या मुलखात कोरकूंची वस्ती मोठी. समुद्रकाठच्या आमच्या वाचकांनी या गावाचे नाव ऐकले असण्याचा संभव थोडाच. तथापि ज्या विकाराविषयी आज लिहावयाचे आहे, त्याची पहिली खूण शहरातील इस्पितळात नव्हे, तर अशाच एखाद्या गावातील चुलीपाशी दिसते, म्हणून देडतलाईचे स्मरण.

प्राग येथील विकृतिशास्त्रज्ञ हान्स किआरी यांनी १८९१ साली या विकाराचे वर्णन केले. लहान मेंदूचा खालचा भाग कवटीच्या तळाशी असलेल्या छिद्रातून मानेच्या पोकळीत उतरतो. तेथे दाटी होते आणि मेंदू व मज्जारज्जूभोवती खेळणाऱ्या द्रवाची वाट अडते. खोकताना वा शिंकताना डोक्याच्या मागे कळ उठावी, ही त्याची ठळक खूण. कित्येकांच्या बाबतीत तो जन्मभर मुकाच राहतो. मात्र जेथे तो बोलू लागतो, तेथे पुष्कळदा वऱ्हाड घेऊन येतो, आणि नवरदेवाच्या आधी वऱ्हाडीच दारात उभे राहतात.

या वऱ्हाडातील मुख्य म्हणजे मज्जारज्जूच्या आत द्रवाने भरलेली पोकळी. वैद्यकात तिला सिरिंगोमायलिया म्हणतात. ही पोकळी वाढू लागली की वेदना आणि उष्णता यांची जाणीव वाहून नेणारे तंतू आधी निकामी होतात. स्पर्श मात्र कळत राहतो. भाकरी भाजणाऱ्या बाईची बोटे पोळतात आणि तिला ते फोड दिसल्यावरच कळते. विडी बोटांशी येऊन विझते. पुढे हाताचे स्नायू झडतात, बोटे आकडतात, जखमा चिघळतात. अशा हाताकडे पाहून गावात कोणता शब्द उच्चारला जाईल, हे सांगावयास नको. महारोग!

अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले, वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन फुलविले. तरीही त्या शब्दाचा दंश गेलेला नाही. २००५ साली राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोग निर्मूलनाचे उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर झाले, पण शेजाऱ्यांच्या नजरेतून तो निघून गेला असे कोण म्हणेल? ज्याला तो रोगच नाही, त्याने त्याची औषधे घेत राहावे, वाळीत पडावे, आणि इकडे मज्जारज्जूतील पोकळी वाढत जावी, ही दुहेरी शिक्षा होय. वस्तुतः भेद ओळखणे अशक्य नाही. कुष्ठरोगात बहुधा बधिर चट्टा दिसतो, कोपरापाशी नस जाड झालेली हाताला लागते. येथे दोन्ही नसतात.

इतर सोबत्यांविषयी थोडक्यात सांगता येईल. वाढत्या वयातील मुलाचा कणा एका बाजूस वाकू लागतो. झोपेत श्वास अडखळतो. मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा कित्येकदा ढिला असतो. या सांध्यावरूनच आज मोठा वाद आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल यांनी २०१५ साली ६५ रुग्णांच्या अनुभवावरून असे मांडले की, हा ढिला सांधाच विकाराचे मूळ असावा आणि तो पक्का करावा. जगातील बहुसंख्य शल्यविशारद अद्याप कवटीच्या तळाची जागा रुंद करण्याच्याच शस्त्रक्रियेवर भिस्त ठेवतात. निवाडा तज्ज्ञ करतील; परंतु एवढा मूलगामी प्रश्न परळच्या सार्वजनिक रुग्णालयातून विचारला गेला, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

विकाराचा दुसरा प्रकार जन्मजात आणि अधिक दारुण. बाळाचा कणा पाठीवर उघडा राहतो, त्याजबरोबर लहान मेंदू खाली ओढला जातो आणि बहुधा डोक्यात पाणी साठते. यापैकी पुष्कळ टाळता येण्याजोगे आहे. ज्यांना पूर्वी असे मूल झाले होते, अशा स्त्रियांना फॉलिक आम्ल दिल्याने पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटली, असे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९१ साली दाखवून दिले. अडचण वेळेची. गर्भाची मज्जानलिका २८ दिवसांच्या आत मिटते. तोवर स्त्रीला दिवस गेल्याचेही पुष्कळदा उमगत नाही. नाव नोंदविल्यावर आरोग्यकेंद्रातून मिळणारी गोळी रक्ताला उपयोगी खरी, पण कण्यापुरते बोलावयाचे तर गाडी निघून गेलेली असते.

म्हणून ही गोळी लग्न झालेल्या मुलीच्या हाती आशाताईंनी आधीच द्यावी. आणि कुष्ठरोगाच्या शोधार्थ घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्यास एवढे शिकवावे की, बधिर हात दिसला पण चट्टा नाही, नस जाड नाही, तर रुग्णाला खोकताना डोके दुखते का ते विचारावे, त्याची पाठ पाहावी, आणि चिठ्ठी मेंदूविकाराच्या विभागाकडे लिहावी. दोडामार्ग वा सत्तरीच्या रुग्णाला बांबोळीचे इस्पितळ आहे. देडतलाईच्या रुग्णाला इंदूर वा नागपूर गाठावे लागते, आणि वाटेत राज्याची सीमा आडवी येते. ती चिठ्ठी दोन्ही राज्यांत चालावी, प्रवासखर्चासह चालावी, असा आदेश भोपाळ आणि मुंबई यांनी मिळून काढावा.