नकाशावरचा कोरा डाग

उन्हाळा कडक निघाला आणि उजनीचे पाणी खाली सरले, की इंदापूर तालुक्यात पळसदेवचे जुने देऊळ पाण्यातून वर येते. आधी शिखर दिसते, मग मंडप. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या गाड्या वळतात, लोक फोटो काढतात, कुणी होडीने जाऊन नारळ फोडून येतो. मीही जातो, पण माझे जाणे देवळासाठी नसते. काठाकाठाने थोडे पुढे गेले की आणखी एक गाव आहे, किंवा होते. १९८० मध्ये धरण पूर्ण झाले आणि ते पाण्याखाली गेले. त्या गावचे एक गृहस्थ माझे जुने खातेदार. बँकेतले त्यांचे खाते केव्हाच बंद झाले, माझी नोकरीही संपली, पण आमचे येणेजाणे राहिले. वय पंचाहत्तरीच्या पुढे, गुडघे गेलेले. तरी पाणी हटले की निरोप येतो, "सायेब, गाव उघडं पडलंय. येताय का?"

मग आम्ही दोघे तडकलेल्या गाळातून चालतो. ते काठीने दाखवत जातात. हा पार. ही चावडी. इथे कुंभाराचा आवा. ही आमच्या सोप्याची पायरी. मला दिसतात ते नुसते दगड.

दोन वर्षांपूर्वी मी खटपट करून त्यांच्यासाठी गावच्या जुन्या नकाशाची प्रत मिळवली. छायाप्रतीची छायाप्रत, रेघा फिसकटलेल्या. त्यांनी ती गाळावर पसरली, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले आणि बराच वेळ न्याहाळली. शेतांचे नंबर होते, ओढा होता, गाडीवाट होती, शेजारगावांच्या शिवा होत्या. मधोमध एक वेडावाकडा गोल आणि त्यात एकच शब्द: गावठाण. बाकी सगळे कोरे.

"ह्यात आमचं घर कुठंय?" त्यांनी विचारले.

घर नव्हते. कुणाचेच नव्हते.

ते का नव्हते, याचे उत्तर शोधायला इंदापूरच्या बाहेर जावे लागत नाही. जमीनमोजणीची जी पद्धत पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात गेली, तिचा पहिला धडा याच तालुक्यात गिरवला गेला, हे खुद्द इंदापूरकरांनाही फारसे ठाऊक नसते. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याकडून या भागाची मोजणी करवली होती. सारा इतका चढा बसला की शेते ओस पडली, माणसे मुलूख सोडून गेली. तेव्हा १८३५ मध्ये गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि लेफ्टनंट विंगेट हा इंजिनिअर, असे दोन तरुण साहेब इंदापुरात आले. त्यांनी मोजणी तपासली, जमिनीची प्रतवारी नव्याने लावली आणि १८३६ मध्ये तीस वर्षांसाठी कायम असे दर ठरवून दिले. या पद्धतीचे नियम १८४७ च्या 'जॉइंट रिपोर्ट'मध्ये बांधले गेले. आपण आजही एकर-गुंठ्यात बोलतो, त्याचे मूळ या मोजणीच्या तेहेतीस फुटी साखळीत आहे. साखळी लांब आणि साखळी रुंद म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. बँकेत असताना मी हजारो वेळा गुंठे लिहिले असतील, पण ही साखळी कुठून आली, हे मला निवृत्तीनंतर वाचनात सापडले. असो.

सरकारला सारा हवा होता. सारा शेतावर बसे, गावठाणातल्या घरावर नाही. मग तिथे साखळी झिजवायची कशाला? म्हणून माणसे राहत होती तेवढाच भाग कोरा राहिला.

पण मला दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. साहेबाला शीव दाखवली कुणी? शिवेच्या तंट्यात महारांची साक्ष मोलाची मानली जाई. गावाची हद्द ध्यानात ठेवणे हे पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे आलेले काम होते. पाटील-कुलकर्णी होते, बांधावर उभा राहून 'इथपर्यंत माझे' म्हणणारा कुणबी होता. नकाशातली माहिती गावाने दिली, मोजणीचा खर्च गावाच्याच साऱ्यातून निघाला, आणि कागद तयार झाल्यावर तो कचेरीच्या दप्तरात बांधला गेला.

कागद आपल्याविषयी आणि आपल्याच हाती नाही, ही सल या भागात जुनी आहे. इंदापूरची तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ मध्ये सारा एकदम वाढवला गेला. कापसाची तेजी ओसरली होती, सावकार कर्ज देईनासे झाले होते. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोक सावकारांच्या दुकानांवर गेले. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा ते भीमथडी तालुक्यात मोडे. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदले गेलेले प्रकरण तिथे सुरू झाले. लोकांचा रोख होता तो कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर. ते कागद त्यांनी जाळले. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नव्हते आणि जिची नक्कल मिळत नव्हती, त्याला तिचा जाळ तेवढा करता आला.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगणे फारसे सुखाचे नाही. १९८९ च्या एप्रिलपासून रिझर्व्ह बँकेने 'सेवा क्षेत्र' पद्धत आणली. प्रत्येक ग्रामीण शाखेला गावे वाटून दिली आणि त्या गावांची पाहणी करून पतआराखडा करा, असे सांगितले. आमच्या शाखेच्या वाट्याला एकोणीस गावे आली. राजदूत मोटारसायकल, एक वही आणि मी. गावाचा नकाशा मात्र नाही. मग प्रत्येक गावात देवळासमोर चार म्हातारे आणि शाळेतली पोरे जमवायची. कुणी राखेने ओढा काढी, कुणी विटकरीच्या तुकड्याने रस्ता. विहिरींसाठी चिंचोके मांडायचे. तासाभरात असा नकाशा होई, की कुठली विहीर मार्चमध्ये आटते हेही त्यात कळे. मी तो वहीत उतरवून घेई. मापाने तो चुकीचा असे, बाकी सगळे बरोबर.

मापाची चूक कुठे नडते, ते पुढे समजले. एका शेतकऱ्याला मी विहिरीसाठी कर्ज मंजूर केले. तारणखतात नेहमीप्रमाणे चतुःसीमा लिहिली: पूर्वेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, पश्चिमेस अमक्याचा गट. ओढे जागा बदलतात, हे कागदाला माहीत नसते. त्या आधी गटाच्या नकाशाची नक्कल मिळावी म्हणून मी एका कचेरीत तीनदा गेलो होतो. एकदा नक्कल काढणारा रजेवर होता, एकदा नकाशा सापडत नव्हता, तिसऱ्यांदा सांगितले की तो असा बाहेर देता येत नाही. मी वाट पाहायला हवी होती. पाहिली नाही, उन्हाळा सरत होता, शेतकरी रोज शाखेत येऊन बसत होता. विहीर झाली, पाणीही लागले. मग भावकीतल्या एकाने मोजणी आणली आणि विहीर अकरा फूट पलीकडे, त्याच्या गटात निघाली. कर्ज थकले. दोन एकर विकून त्या माणसाने ते फेडले. वसुलीची नोटीस गेली ती माझ्या सहीने.

तेव्हापेक्षा आज पुष्कळ सुधारणा आहे, हे कबूल केलेच पाहिजे. 'महाभूनकाशा'वर गट नंबर घातला की घरबसल्या आकृती दिसते. शेजारच्या पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाणाची मोजणी झाली. केंद्राने २४ एप्रिल २०२० रोजी 'स्वामित्व' योजना जाहीर केली, तिच्या मुळाशी हा सोनोरीचा प्रयोग होता. पावणेदोनशे वर्षांनी का होईना, तो कोरा डाग भरू लागला.

पण दिसणे निराळे आणि वापरायला मिळणे निराळे. बँकेतल्या माणसाला हा फरक चटकन कळतो. पासबुकात शिल्लक दिसते आहे, पण पैसे काढायची स्लिप मिळत नाही, अशा खात्याला आपण काय म्हणू? पडद्यावरची आकृती हे नुसते चित्र आहे. गावातल्या एखाद्या पोराला ती मोजमापासह उतरवून घेता यावी, तिच्यावर आपली विहीर, पाणंद, बंधारा मांडता यावा, चूक दिसली तर दुरुस्त करून चारचौघांना देता यावी, आणि हे करताना आपण गुन्हा तर करत नाही ना, ही धाकधूक नसावी. मोकळा नकाशा म्हणतात तो एवढाच.

जगात हे नवे नाही. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये 'ओपनस्ट्रीटमॅप' नावाचा, कुणीही भर घालावी आणि कुणीही वापरावा असा नकाशा सुरू झाला. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा देशोदेशीच्या हौशी माणसांनी उपग्रहाची चित्रे समोर ठेवून त्या उद्ध्वस्त राजधानीचे रस्ते काही दिवसांत काढून दिले आणि मदतपथके त्यावर चालली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिटनच्या सरकारी नकाशाखात्याने आपल्या माहितीचा मोठा भाग लोकांना विनामूल्य खुला केला. आपल्याकडेही दार किलकिले झाले आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशे करण्यासाठी लागणारी पूर्वपरवानगीची अट काढली आणि सार्वजनिक पैशातून तयार झालेली भौगोलिक माहिती सरकारी खात्यांना फुकट, इतरांना वाजवी आणि पारदर्शक दराने मिळेल असे म्हटले. (वाजवी दर म्हणजे काय, यावर बँकवाल्याने न बोललेले बरे.) डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय धोरणाने तर सर्व्हे ऑफ इंडियाची अशी माहिती ही सर्वांची सामाईक ठेव मानली. त्याच वर्षी फेब्रुवारीत ग्रामसडक योजनेची माहिती खुली झाली होती: पंचवीस लाख किलोमीटरहून अधिक ग्रामीण रस्ते, दहा लाखांहून अधिक वस्त्या, आठ लाखांहून अधिक शाळा-दवाखाने-बाजार यांसारखी ठिकाणे. आकाश कोसळले नाही. मग जे रस्त्यांचे होते, ते गावनकाशांचे आणि कालव्यांचे का होऊ नये?

कालव्यांचे मुद्दाम म्हणतो. १८८० च्या दशकात वाहू लागलेला नीरा डावा कालवा बारामतीकडून येत येत इंदापुरात शेपटाला पोचतो. शेपटाकडच्या शेतकऱ्याचे आयुष्य आवर्तनाची वाट पाहण्यात जाते. पाणी वर कुठे मुरते, कुठल्या चारीची मोरी फुटली आहे, कुठे रात्री दार उचलले जाते, हे पाटकऱ्याला आणि बांधावरच्या बाईला तोंडपाठ असते. चाऱ्यांचा सरकारी नकाशा त्यांच्या हाती आला, तर 'पाणी येत नाही' या तक्रारीऐवजी 'या मोरीपुढे येत नाही' असे बोट ठेवता येईल. बोट ठेवलेली तक्रार टाळायला अवघड असते, हा माझा नोकरीतला अनुभव आहे. टाळणारा मीच होतो कधीकधी.

आणि उजनी. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापुरातल्या कळाशीकडे येणारी होडी वादळात उलटली, सहा जण गेले. नकाशाने ती माणसे वाचली असती, असे मी म्हणणार नाही. पण त्या पाण्यावरून रोजची ये-जा आहे, कारण रस्त्याचा वळसा मोठा आहे. आपल्या मनातल्या नकाशात तिथे नुसता निळा रंग असतो. होड्या कुठून कुठे जातात, पाण्याखाली कुठे जुना बांध आहे, कुठे विहिरीचे तोंड, हे काठावरच्यांना विचारूनच मांडावे लागेल.

आक्षेप आहेत. नकाशे खुले केले तर जमिनीचे दलाल सोकावतील, असे मला एका स्नेह्यांनी ऐकवले. बारामती-इंदापूरकडच्या दलालाच्या मोबाइलमध्ये कुठला गट नाही, ते त्यांनी मला दाखवावे. नकाशा नसतो तो गटाच्या मालकाकडे. लष्करी ठिकाणे झाकावीत, याबद्दल वाद नाही. खातेदारांची नावेही त्यात घालू नयेत. विहीर, वाट आणि ओढा यांना नावाची गरज नसते. राहता राहिली अडाणी माणसाच्या नोंदीवर विश्वास ठेवण्याची गोष्ट. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी आपल्या शेतात उभा राहून मोबाइलवर स्वतःचे पीक नोंदवतो आणि सरकार ते सातबाऱ्यावर घेते. घेताना विश्वास बसतो, तर देताना का बसू नये?

गेल्या खेपेला गाळात आमच्याबरोबर त्या गृहस्थांचा नातू होता. बारामतीला शिकलेला. आजोबा काठी टेकवतील तिथे तो मोबाइल धरून उभा राही आणि ठिकाण नोंदवून घेई. पार, चावडी, आवा, तालीम, कासाराची आळी, जिथे साप निघाला होता ती कोनाड्याची भिंत. दोन दिवसांत एक्केचाळीस ठिकाणे झाली. आता ती जुन्या गावनकाशात नेमकी बसवायची, तर तो नकाशा मोजमापासह हवा. छायाप्रतीच्या छायाप्रतीवर ती बसत नाहीत, ओढ्यात जातात. म्हणून नातवाने अर्ज लिहिला, मी मसुदा तपासला, आजोबांनी सही केली. दीड महिन्याने उत्तर आले की, प्रकरण मार्गदर्शनासाठी वरिष्ठांकडे पाठवले आहे.

पुढे पाऊस झाला, भीमेला पाणी आले. आजोबा काठावर बसून होते म्हणे. आधी कुंभाराचा आवा गेला, मग चावडी, पार शेवटी. अर्जाची पोच माझ्या फायलीत आहे, आवक क्रमांकासह.