अंगणातलं रान (भाग ६) : गौरीपुढचा गुच्छ

पावसाच्या तोंडावर ज्यांनी कंद लावले, त्यांच्या कुंड्या आता बोलू लागल्या असतील. गौरी-गणपतीला फुलदाणी भरायची ती त्यातूनच.

फुलबाजारात एक चक्कर मारा. जर्बेरा मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, ग्लॅडिओलसही बहुतांशी तिकडचाच. निशिगंध मेक्सिकोचा आणि ज्याच्यावाचून आपलं तोरण अडतं तो झेंडूही मेक्सिकोचाच. त्यांच्याशी माझं भांडण नाही, झेंडू तर केव्हाच घरचा झाला. पण भाद्रपदात सह्याद्रीत जे फुलतं, ते दारात असताना विकतचा गुच्छ आणणं मला पटत नाही.

सुरुवात तेरड्यापासून. कोकणात अनेक घरी तेरड्याची रोपंच गौर म्हणून मुळासकट आणतात. फुलदाणीसाठीही हीच रीत योग्य, कारण तेरड्याचं खोड रसाळ असतं आणि कापलं की लगेच मान टाकतं. रोप अलगद उपटा, मुळांची माती धुवा आणि तसंच पाण्यात उभं करा. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात ते खरं, पण गौर तरी आणखी किती दिवस असते?

उंचीसाठी पेवा घ्या. त्याचं पांढरं, चुरगळलेल्या कागदासारखं फूल एका दिवसात गळतं, पण ज्या लाल कणसातून ते येतं ते बरेच दिवस टिकतं. रानहळदीचंही तसंच. आपण तिचं फूल म्हणून पाहतो तो गुलाबी-जांभळा तुरा खरं तर रंगीत पानांचा असतो, खरी फुलं खाली पिवळी, लहानशी. म्हणून तुरा पाण्यात छान तग धरतो. तिच्याच कुळातली एक जात थायलंडने जगभरच्या फुलबाजारात नेली; आपली मात्र अजून बांधावरच आहे. मधल्या रिकाम्या जागी अबोलीची कणसं खोचा आणि कडेने आघाडा व नेच्याची पानं.

अग्निशिखेशिवाय हा गुच्छ पुरा होत नाही. तिचं फूल हिरवट पिवळं उमलतं आणि दिवसागणिक लाल होत जातं, त्यामुळे एकाच फांदीवर सगळ्या छटा मिळतात. फक्त शेंड्याकडचा भाग घ्या. सगळा वेल कापलात तर कंदाला पुढच्या वर्षाची शिदोरी कोण देणार? आणि हे पक्कं ध्यानात ठेवा: ती नखशिखान्त विषारी आहे, कंद तर सर्वांत जास्त. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर तिला कुंडीतच राहू द्या. प्रसादाच्या ताटाजवळही नको.

कापणी सकाळी लवकर, उन्हं चढण्याआधी. देठ तिरपे कापा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाका आणि मांडणीआधी दोन-तीन तास सावलीत, खोल पाण्यात ठेवा. पाणी रोज बदला. देठ उभे राहावेत म्हणून मिळणारा हिरवा स्पंज घेऊ नका, ते प्लास्टिकच आहे. पितळी तांब्याच्या तोंडात चार काटक्या आडव्या-उभ्या अडकवल्या की काम होतं.

हे सगळं आपल्या अंगणातलं, नाहीतर कुंडीतलं. कास पठारावरून किंवा घाटातून एकही फूल तोडायचं नाही, कंद तर मुळीच उकरायचा नाही. शिवाय रस्त्याकडेला फुललेलं सगळंच देशी नसतं. सप्टेंबरात माळ पिवळा करणारा तो कॉसमॉसही मेक्सिकोहूनच आलेला आहे.

गौरी-विसर्जनाआधी तेरड्याच्या फुगलेल्या बोंडांना बोट लावून पाहा. पिकली असतील तर तडकतील. ते बी कागदावर धरा, कोरड्या डबीत ठेवा आणि पुढच्या जूनमध्ये पेरा. शेजारी मागतील, त्यांनाही चिमूटभर द्या.

(पुढच्या आठवड्यात : दसऱ्याचा आपटा आणि त्याच्या नावाने विकला जाणारा कांचन)