पेट्रोलचा दाब आणि घाटाचा चढ

तिसगाव आणि नगर यांच्यामध्ये करंजीचा घाट आहे. चढाला एखादी मोटार दमली, की कोणीतरी हमखास सुचवतो, "पेट्रोलचा दाब वाढवून घ्या!" विद्यार्थी मित्रांनो, हा सल्ला तपासून पाहू.

इंजेक्टर म्हणजे बारीक छिद्राची, विजेवर उघडणारी तोटी. टाकीतला पंप तिच्याकडे पेट्रोल दाबाने ढकलतो. हा दाब पुष्कळ गाड्यांत 3 बारच्या आसपास, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे तिप्पट असतो. तोटी किती वेळ उघडी ठेवायची, हे गाडीतला संगणक ठरवतो.

आता गावची पाण्याची टाकी आठवा. टाकी चौपट उंच केली, तरी तळच्या छिद्रातून येणारी धार दुप्पटच वेगाने येते. टॉरिचेलीने सतराव्या शतकात सांगितलेला हा वर्गमूळाचा नियम इथेही लागतो. दाब 3 वरून 3.6 बार, म्हणजे 20 टक्के वाढवला, तर पेट्रोल जेमतेम साडेनऊ टक्के वाढते.

तेही जळायला हवे ना! 1 ग्रॅम पेट्रोलला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते, आणि हवा तर तेवढीच राहिली. एरवी धुरातला प्राणवायू मोजून संगणक तोटी लवकर मिटतो, म्हणजे खटाटोप फुकट. पूर्ण भाराला मात्र जादा पेट्रोल अर्धवट जळते नि प्लग काळे पडतात.

खरा दोष बहुधा उलटा असतो. मेकॅनिकने दाबमापक लावला आणि भार पडताच सुई 3 वरून 2 वर घसरली, तर इंधन सुमारे 18 टक्के घटले. अशा वेळी आधी तुंबलेला फिल्टर बदलावा, मग पंप तपासावा.