आधी तानपुरा ऐका

औरंगपुऱ्यातले जुने घर रिकामे करायला घेतले, तेव्हा माळ्यावर वडिलांची पत्र्याची ट्रंक निघाली. तळाशी लाखेच्या जड ७८ च्या तबकड्या, वर भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर यांच्या एलपी. मराठवाड्यातले उन्हाळे माळ्यावर काढून दोन-चार वाकल्या होत्या, बाकी शाबूत. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, आता चांगले टर्नटेबल घेऊच. खर्चाचे पाहू नका."

मला खर्चापेक्षा भीती सुईची होती. काही वर्षांपूर्वी हौसेने एक स्वस्त, पेटीसारखा उघडणारा प्लेअर आणला होता. वडिलांची आवडती एलपी वर्षभर त्यावर वाजवली आणि तिच्यावर खरखर कायमची बसली. चांगल्या कार्ट्रिजच्या सुईचा भार दीड-दोन ग्रॅम असतो. स्वस्त सिरॅमिक कार्ट्रिजचा बहुधा पाचच्या घरात. दर वेळी नांगर फिरावा तशी ती चर खरवडत जाते. महागड्या यंत्राचा पहिला उपयोग हाच, की ते आपली तबकडी जपते.

दुसरा उपयोग सुराचा. ताट जरा जरी कमी-अधिक वेगाने फिरले, तरी सूर हलतो. तबल्याच्या गडबडीत ते कळत नाही, तानपुऱ्यात लगेच कळते. अमेरिकेतला भाचा म्हणाला, "मामा, इथून आणतो." पण तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. विजेच्या त्या ठेक्यावर चालणारी मोटार इथे सहाव्या हिश्शाने मंदावते आणि पांढरी एकचा गवई पांढरी सहाच्या आसपास उतरतो! तिला निराळी पुली तरी लागते, नाहीतर वेगळा वीजपुरवठा. १९७२ साली आलेल्या टेक्निक्सच्या एसएल-१२०० मध्ये मोटार थेट ताटाखाली असते आणि वेग इलेक्ट्रॉनिक मंडल सांभाळते. रेगासारखी यंत्रे पट्ट्यावर चालतात. दोन्ही पद्धती चांगल्या. बांधणी नेटकी हवी.

आणखी एक खाच. कित्येक महागड्या यंत्रांना ७८ ची गतीच नसते. शिवाय लाखेच्या तबकडीला एलपीपेक्षा तिपटीहून जाड टोकाची सुई लागते. घरात जुन्या तबकड्या असतील तर दुकानात पहिला प्रश्न हाच विचारावा. आणि कार्ट्रिजमधून निघणारी वीज व्होल्टच्या काही हजारांश भागाइतकीच, म्हणून फोनो प्रीअँप्लिफायरचे पैसे आधीच बाजूला काढावेत.

शेवटी आपलीच एक एलपी पिशवीत घालून बाप-लेक मुंबईला गेलो. दुकानदाराने गिटार लावली. मी म्हटले, "ही लावा, आणि फक्त सुरुवातीचा तानपुरा ऐकवा." तीन यंत्रे ऐकली. पहिल्यावर जोड किंचित डुलत होती. उरलेल्या दोघांत मला फरक कळेना, मुलालाही नाही. स्वस्त होते ते घेतले. उरलेल्या पैशांत चांगले कार्ट्रिज आणि धूळ काढायचा ब्रश.

आता ते भिंतीतल्या कडप्प्यावर पाणसळीने सपाट बसवले आहे. एलपी उभ्या ठेवल्या आहेत, उन्हापासून दूर. परवा ती खराब झालेली एलपी लावली. खरखर गेली नाही. ती कोणत्याही किमतीच्या यंत्राने जाणार नाही. पण तिच्यामागे तानपुरा मात्र अगदी स्थिर होता. मुलगा ऐकत होता. बाजू संपली तेव्हा त्याने न सांगता उठून सुई हलकेच उचलली, वडील उचलायचे तशी.