दिवस साजरा होतो, पण तो ठरवतो कोण?

दर वर्षी १९ सप्टेंबरला इंग्रजी भाषक जगातील अनेक सुशिक्षित, नोकरदार माणसे एकमेकांशी समुद्री चाच्यांच्या भाषेत बोलतात. कार्यालयात 'अर्रर्र' अशी आरोळी ठोकतात. (मराठी कानाला ती हळहळ वाटेल, चाच्यांच्या तोंडी मात्र तो होकार असतो.) हा दिवस कोणत्याही सरकारने सुरू केलेला नाही, त्यामागे धर्म नाही, की कोणा थोर पुरुषाची जयंती नाही. तरीही 'चाच्यांसारखे बोला दिन' दोन दशकांहून अधिक काळ टिकून आहे. अशा दिवसांचे मूळ शोधू गेल्यास बहुधा एखादी थट्टा सापडते, आणि तिच्या मागोमाग तिला प्रसिद्धी देणारा कोणीतरी.

अधिकृत दिवसांची रीत निराळी असते. २१ जूनच्या योग दिनासाठी भारताला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव मांडावा लागला. १७७ देश सहप्रस्तावक झाले आणि ११ डिसेंबर २०१४ रोजी तो संमत झाला. चाच्यांच्या दिवसाला यातले काहीच लागले नाही.

त्याची जन्मकथा अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातली. ६ जून १९९५ रोजी जॉन बॉर आणि मार्क समर्स हे दोन मित्र रॅकेटबॉल खेळत असताना चाच्यांच्या थाटात ओरडू लागले आणि याचा एक स्वतंत्र दिवसच असावा, असे त्यांनी ठरवून टाकले. मात्र ६ जून हा दुसऱ्या महायुद्धातील नॉर्मंडीच्या चढाईचा स्मरणदिन. त्या दिवशी विदूषकी करणे त्यांना प्रशस्त वाटेना. तेव्हा समर्स यांच्या पूर्वाश्रमीच्या पत्नीचा वाढदिवस, म्हणजे १९ सप्टेंबर, मुक्रर झाला. कारण काय, तर ती तारीख लक्षात राहण्यासारखी होती! पुढली सात वर्षे हा सण दोघांच्या मित्रमंडळाबाहेर फारसा गेलाच नाही. २००२ मध्ये त्यांनी विनोदी स्तंभलेखक डेव्ह बॅरी यांना पत्र लिहिले. बॅरी यांचा स्तंभ अनेक वृत्तपत्रांत छापला जात असे. तो प्रसिद्ध झाला आणि एका रात्रीत हा दिवस जगाचा झाला.

गंमत अशी, की ज्याला आपण चाच्यांची भाषा म्हणतो, ती चाच्यांची नव्हेच. १९५० च्या 'ट्रेझर आयलंड' चित्रपटात रॉबर्ट न्यूटन या इंग्रज नटाने नैऋत्य इंग्लंडच्या ग्रामीण बोलीचा ठसका वापरला आणि तोच पुढे साऱ्या चाच्यांना चिकटला.

अशा हौशी दिवसांची नोंद ठेवणारी एक वहीही आहे. विल्यम चेस हे अमेरिकेतील एका वृत्तपत्राचे ग्रंथपाल. त्यांनी भाऊ हॅरिसन यांच्यासह १९५७ मध्ये दिनविशेषांची वार्षिक सूची सुरू केली. 'चेसेस कॅलेंडर ऑफ इव्हेंट्स' या नावाने ती पुढे प्रमाण मानली जाऊ लागली. तिच्यात नोंदीसाठी कोणीही नवा दिवस सुचवू शकतो. पेनसिल्व्हेनियातील टॉमस आणि रूथ रॉय या दांपत्याने तर अशा दिवसांचा कारखानाच काढला. त्यांच्या एका दिवशी, २० फेब्रुवारीला, भर दुपारी घराबाहेर येऊन 'हूडी-हू' असे ओरडायचे, म्हणजे थंडी पळून जाते म्हणे.

क्वचित एखादा दिवस या अनधिकृत पंगतीतून उठून मानाच्या पाटावर जाऊन बसतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'एक्स्प्लोरेटोरियम' या विज्ञान संग्रहालयातील भौतिकशास्त्रज्ञ लॅरी शॉ यांनी १९८८ मध्ये १४ मार्चला 'पाय दिन' सुरू केला. अमेरिकी पद्धतीने महिना आधी लिहिला, की तारीख ३.१४ अशी दिसते. सहकाऱ्यांनी वर्तुळात फेऱ्या मारायच्या आणि 'पाय' हाच पदार्थ खायचा, एवढाच तो सोहळा. २००९ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाने त्याला पाठिंबा दिला, तर २०१९ मध्ये युनेस्कोने हाच दिवस आंतरराष्ट्रीय गणित दिन म्हणून जाहीर केला. दिवस आधी लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना मात्र २२ जुलै अधिक जवळचा वाटावा. २२/७ हा अपूर्णांक शाळेत कोणी घोकलेला नाही?

चीनमधील ११ नोव्हेंबरची वाट वेगळी. चार एकांची ही तारीख म्हणजे चार एकटे जीव, अशी कल्पना १९९३ च्या सुमारास नानजिंग विद्यापीठातील सडाफटिंग विद्यार्थ्यांना सुचली, असे सांगितले जाते. जोडप्यांच्या व्हॅलेंटाइन दिनाला दिलेले ते खेळकर उत्तर होते. २००९ मध्ये 'अलिबाबा' कंपनीने २७ विक्रेत्यांसह त्याच दिवशी सवलतीची विक्री योजली आणि एकटेपणाची ही थट्टा जगातील सर्वांत मोठ्या खरेदी-उत्सवांपैकी एक झाली. २०२१ मध्ये कंपनीच्या मंचांवरील उलाढाल ५४० अब्ज युआनवर गेली. पुढच्या वर्षापासून कंपनीने हा आकडा जाहीर करणेच थांबवले.

येथपर्यंत कोणाचे नुकसान नाही. जानेवारीतील 'ब्लू मंडे'ची गोष्ट तशी नाही. २००५ मध्ये ब्रिटनमधील 'स्काय ट्रॅव्हल' या पर्यटन वाहिनीच्या प्रसिद्धिपत्रकाने वर्षातील सर्वांत उदास दिवस शोधल्याचा दावा केला. त्यासाठी क्लिफ अर्नॉल या मानसशास्त्रज्ञाच्या नावे एक सूत्रही दिले. हवामान, कर्ज, नाताळ उलटून गेलेले दिवस, मोडलेले संकल्प हे सारे त्यात होते. नव्हता तो शास्त्रीय आधार. उदासी कोणत्या एककात मोजायची, हेच त्यात सांगितलेले नव्हते. उपाय मात्र उघड होता : सहलीचे आरक्षण करा. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत अशी पत्रके रोज येऊन पडतात. या पत्रकात आकडेमोड आणि तज्ज्ञाचे नाव असल्याने ते बातमी म्हणून छापले गेले. कार्डिफ विद्यापीठाने त्यापासून हात झटकले, जाणकारांनी सूत्राची चिरफाड केली, ती वाहिनीही आता राहिलेली नाही. जानेवारीचा तिसरा सोमवार मात्र 'सर्वांत उदास' म्हणून दर वर्षी छापून येतोच. खरे नैराश्य तारीख पाहून येत नाही आणि विमानाच्या तिकिटाने जातही नाही, हे डॉक्टरांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

मनाने खचलेल्यांना आधार देणाऱ्या 'समॅरिटन्स' या ब्रिटिश संस्थेने अखेर वेगळी युक्ती काढली. दिवस पुसता येत नाही, तर नाव बदलू, म्हणून तिने त्याला 'ब्रू मंडे' केले. त्या सोमवारी चहा टाकायचा आणि एखाद्याला बोलावून, तो कसा आहे हे विचारायचे.